आधी नाव, मग काम

खळदकर काका कुठलाही कागद खालून वर वाचत. लग्नपत्रिका आली की आधी 'आहेर आणू नये', मग कार्यालयाचा पत्ता, मग मुहूर्त आणि सगळ्यांत शेवटी वधूवरांची नावं. तोवर लग्न कुणाचं आहे हे त्यांना ठाऊक नसे आणि त्याची त्यांना घाईही नसे. "वर सगळे गोडच लिहितात हो," ते म्हणत. "खरं काय ते तळाला असतं, बारीक अक्षरात." सरकारी परिपत्रक आलं की ते टेबलावर पसरून शेवटच्या टिपेखाली लाकडी पट्टी ठेवत आणि मग पट्टी एकेक ओळ वर सरकवत नेत. अर्ध्या तासाने वरच्या बोधचिन्हापाशी पोचले की पट्टी खाली ठेवून म्हणत, "कळलं. देणार काय ते मोठ्या अक्षरात आहे."

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात काका एकतीस वर्षं टाइमकीपर होते. दवाखान्यांना लागणारे स्टीलचे ट्रे आणि वाट्या आम्ही बनवत असू. मी तिथे चौदा वर्षं कॉम्प्युटरवर बसले. रोज सकाळी कोथरूड डेपोची बस पकडून मी तासाभराने अर्धमेली होऊन पोचायची, तर काका नारायण पेठेतून माझ्याआधी येऊन केबिनचं दार पुसून बसलेले असत. केबिन गेटला चिकटून होती. तिच्या काचेवर त्यांच्या वळणदार अक्षरात एक पाटी होती: 'हजेरीपटावर नाव नसलेली व्यक्ती आत असली तरी आत नाही असे समजले जाईल.' मालकांचे पाहुणे ती पाटी वाचून हसत आणि काका त्यांच्यापुढे हजेरीपट सरकवत. एकदा मालकांच्या सासऱ्यांनाही त्यांनी नाव लिहायला लावलं होतं, वेळेसकट.

"आधी नाव, मग काम," हे त्यांचं वाक्य दिवसातून दहादा ऐकू येई. ते नुसतं तऱ्हेवाईकपणातून आलेलं नव्हतं. माझ्या आधीची गोष्ट आहे. गणपत नावाचा एक प्रेसवाला कामावर आला तो पहिलाच दिवस. आठला यंत्रावर बसला आणि सव्वाआठला दोन बोटं गेली. विम्याचे लोक चौकशीला आले आणि म्हणाले, अपघातानंतर मागाहून नाव घुसडलंय, पहिल्याच दिवशी पहिल्याच तासात कोण नोंद करतं? काकांनी हजेरीपट पुढे टाकला. गणपतचं नाव सात पंचावन्नला लिहिलेलं, त्याखाली सात अठ्ठावन्नला आलेल्या दुसऱ्या माणसाचं नाव आणि सही, त्याखाली आणखी चार. मधे घुसडायला केसाएवढी जागा नव्हती. गणपतला पेन्शन बसली. दर दिवाळीला तो तीन बोटांच्या हाताने काकांना चिवड्याची पिशवी द्यायला येई. काका ती घेत आणि आलेल्याची वेळ टिपून ठेवत.

बाकी माणूस तसा बोलायला तिरका. खिशाला दोन पेनं, निळं हजर असलेल्यांना आणि लाल गैरहजरांना. खोडरबर त्यांनी आयुष्यात वापरला नाही. चूक झाली तर तिच्यावर एक रेघ आणि शेजारी सही, म्हणजे चूकसुद्धा नोंदलेली राहिली पाहिजे. चहा अर्धाच कप घेत, पण तो अर्धा भरलेला नसून अर्धा रिकामा केलेला आहे असं वाटलं तर परत पाठवत. मला ते 'बर्वेबाई' म्हणत आणि 'आपण' म्हणत. माझ्या टायपिंगमध्ये चूक सापडली तर म्हणत, "बर्वेबाई, आपण हे डोळे मिटून केलंत का? छान झालंय त्या मानाने."

आमच्या समोरच्या गाळ्याचा मालक म्हणजे भाऊ. त्याला वसाहतीत सगळे भाऊच म्हणत. त्याच्याकडे तारेच्या जाळ्या आणि रॅक बनत. पंचवीस-तीस बायका कामाला, सगळ्या रोखीवर, आणि कागदावर एकही नाही. प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा कामगार खात्याचा माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसला की भाऊच्या बायका मागच्या शटरने बाहेर पडत आणि म्हसोबाच्या देवळात जाऊन बसत. साहेब गेला की परत. काका हे केबिनमधून बघत आणि म्हणत, "म्हसोबाला एवढे भक्त पुण्यात दुसरीकडे कुठे नसतील."

आता लताबाईची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

मार्चअखेरीला सरकारी दवाखान्यांना खरेदीची घाई सुटते. तेरा-चौदा वर्षांपूर्वी तशीच एक मोठी ऑर्डर आली आणि सहा आठवड्यांसाठी मांजरी गावच्या बाजूच्या एकोणीस बायका तपासणी आणि पॅकिंगला घेतल्या. आमचे मालक सतीशराव माणूस वाईट नव्हता, पण सोयीचा होता. म्हणाले, "काका, सहा आठवड्यांचं काम. रोख देऊन टाकू. फंडबिंड कुठे काढत बसता?"

"साहेब, मग त्यांना आपण गेटबाहेर बसवा," काका म्हणाले. "आत यायचं तर नाव लागेल. नाव लिहिलं की फंडही लागतो. कायद्यात सहा आठवडे आणि सहा वर्षं असा फरक नाही, मी तळापर्यंत वाचलाय."

सतीशरावांनी हात जोडले. पण बायकाच बिथरल्या. त्यांच्या पुढारीण लताबाई. तेव्हा तिशीच्या असतील. ट्रेच्या काठावरून अंगठा फिरवून त्या डोळ्यांना न दिसणारा ओरखडा सांगत, आणि तोंडाने त्याहून धारदार होत्या.

"काका, माझं पैसं कशापायी कापताय? सहा आठवड्यांची तर बात हाय."

"कापत नाही बाई. तुमच्याच नावावर ठेवतोय."

"नावावर ठिवून काय लोणचं घालू? समोर भाऊकडं रोख देत्यात, आन् लिवत बी न्हाईत काय."

"म्हणूनच सांगतो," काका म्हणाले. "समोर तुम्ही दहा वर्षं राबलात तरी तुम्ही तिथे नव्हतातच. इथे सहा आठवडे का होईना, तुम्ही असाल. हा फंडाचा नंबर कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. एक दिवस तुम्हीच मला सांगाल, काका, बरं झालं."

एकोणीस बायकांचे एकोणीस नंबर त्यांनी एकेका चिठ्ठीवर लाल नव्हे, निळ्या पेनाने लिहून दिले. बायकांनी त्या कपाळाला आठ्या घालून घेतल्या. सहा आठवडे संपले, ऑर्डर गेली, बायका गेल्या. नंबर राहिले.

पुढे काही वर्षांनी फंडाची खाती आधारशी जोडा असा हुकूम निघाला. तो चालू खात्यांपुरता होता. पण अर्धवट नोंद म्हणजे काकांच्या लेखी खोटी नोंद. त्या एकोणीस बायकांची खाती केव्हाच थंड पडली होती. काका सलग चार रविवार मांजरीला गेले, घरं शोधून काढली, आधारच्या झेरॉक्सा स्वतः काढल्या, सह्या-अंगठे घेतले आणि गठ्ठा घेऊन फंडाच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "बंद खात्यांची गरज नाही. आणलेत तर ठेवून जा." काका परत आले ते धुमसतच. पुढे कितीतरी वर्षं, सरकारी कचेरीचा विषय निघाला की ते हाच दाखला देत. "माझे एकोणीस अर्ज त्या माणसाने टेबलाखाली टाकले. चार रविवार टेबलाखाली. तिथे काम करणारा मनुष्य अजून जन्माला यायचाय."

मीही मान डोलवायची. कुणीही डोलवली असती.

मग ती योजना आली. कारखान्याने नवीन माणसं कामावर घेतली तर त्यांच्या पगाराचा काही भाग दोन वर्षं सरकार सोसणार, अशी. काकांनी पट्टी लावून खालून वर दोनदा वाचली. पात्र कोण, तर अर्जाच्या वेळी कुठेही नोकरीत नसलेली व्यक्ती. बस्स. काका खुर्चीतून उठले, जे फार क्वचित घडे, आणि थेट सतीशरावांच्या खोलीत गेले. तासाभराने आले ते हसत. "बर्वेबाई, त्या मांजरीच्या बायकांचा कागद काढा बरं. कायम करून घेतोय त्यांना."

एकोणिसांपैकी एक वारली होती आणि एक सासवडला गेली होती. उरलेल्या सतरा आल्या. लताबाई सगळ्यांत पुढे. केस पिकले होते, पण अंगठा तोच. त्यांच्या थोरल्या मुलीला आकडी येत असे, तिला रोज गोळी लागे, आणि कायम झाल्यामुळे विम्याचं कार्ड मिळालं. कार्डावर गोळ्या फुकट. ज्या दिवशी कार्ड आलं त्या दिवशी लताबाई केबिनशी आल्या आणि पिशवीतून एक प्लॅस्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी काढली. बारा वर्षांपूर्वीची, काकांच्या अक्षरातली.

"काका, मी फेकली न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनला व्हता. बरं झालं."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "धूळ फार येते हो गेटवर." मी त्यांना फक्त त्या दिवशी असं सपशेल खोटं बोलताना पाहिलं, असं मी तेव्हा म्हटलं असतं.

सात महिने झाले आणि नियम बदलला.

नवं परिपत्रक अडीच पानांचं होतं. काकांनी पट्टी लावली आणि तळापासून तिसऱ्या ओळीवर थांबले. पट्टी वर सरकलीच नाही. मी विचारलं, "काय झालं?" तर त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. नवीन कर्मचारी म्हणजे ज्याच्या नावे यापूर्वी कधीही फंडाचं खातं नव्हतं तोच, असं म्हटलं होतं. आणि हे आधी घेतलेल्यांनाही लागू होणार होतं. प्रत्येकाबद्दल कारखान्याने लिहून द्यायचं: पूर्वी खाते होते का, होय किंवा नाही.

म्हणजे ज्यांना कधीच कुणी कागदावर आणलं नाही त्या नव्या, आणि ज्यांना एका माणसाने भांडून सहा आठवड्यांसाठी कागदावर आणलं त्या जुन्या. ज्याने हे लिहिलं त्याला मला एकदा भेटायचंय. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचंय, तो कुठल्या हाताने जेवतो ते.

त्याच संध्याकाळी भाऊ पेढे घेऊन आला. "काका, तोंड गोड करा! आमच्या झाडून सगळ्या पात्र!"

"सगळ्या?" काकांनी विचारलं. "गेल्या दहा वर्षांपासून कामावर असलेल्यासुद्धा?"

"कोण म्हणतं दहा वर्षं? कुठं लिहिलंय?" भाऊ मनापासून हसला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, खरंच आनंद झाला होता.

काकांनी पेढा घेतला. पेढा घ्यायचा आणि खायचा नाही हा उद्धटपणा त्यांना जमला नसता. खाल्ला आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते मला बरोबर घेऊन योजनेच्या कचेरीत गेले. साहेब तरुण होता, सभ्य होता. चहा विचारला त्याने. काकांनी सहा आठवड्यांची हकिगत सांगितली, जुना हजेरीपट दाखवला.

"आपलं म्हणणं मला पटतंय," साहेब म्हणाला. "पण यापूर्वी खातं होतं ना?"

"होतं, कारण आम्ही कायदा पाळला."

"बरोबर आहे."

"आमच्या समोरच्याने पाळला नाही. त्याच्या बायका पात्र आहेत."

"त्यांचं खातं नव्हतं ना."

"अहो, ते नसणं हा तेव्हा गुन्हा होता."

"होता," साहेबाने मान हलवली. "पण तो नियम वेगळ्या विभागाचा. हा आमचा."

काकांनी हजेरीपट फडक्यात बांधला. रिक्षात एकदाच म्हणाले, "त्याने माझं सगळं ऐकून घेतलं हो. त्याचाच जास्त राग आला."

लिहून द्यायची मुदत शनिवारी संपत होती. सतीशराव केबिनमध्ये आले. सरकारचा वाटा बंद झाला तर सतरा जणींना ठेवणं जमणार नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. योजनेवर घेतल्या होत्या, योजनेबरोबर जातील. मग आवाज खाली आणून म्हणाले, "काका, सहा आठवड्यांची थंड खाती. आधारशी जोडलेली नाहीत. कुणाला दिसणार आहेत?"

सतीशराव गेल्यावर लताबाई आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दारातूनच म्हणाल्या, "काका, पोरीच्या गोळ्या कार्डावर हायेत. तुमी न्हाई म्हून लिवा. एक डाव. मी पुना कायबी मागायची न्हाई."

शनिवारी दुपारी कारखाना सुटला. काकांनी मला थांबायला सांगितलं. मी पोर्टल उघडलं. अधिकृत सहीचा मान काकांचा होता. पहिलं नाव आलं, त्यापुढे चौकट आली.

"नाही," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"बर्वेबाई, मी 'नाही' म्हणालो. आपल्याला ऐकू येत नाही का? टेबलाखाली गेलेत ते अर्ज. आयुष्यात एकदा त्या माणसाच्या आळशीपणाचा काहीतरी उपयोग होऊ दे."

सतरा वेळा ते 'नाही' म्हणाले आणि सतरा वेळा मी 'नाही' टाकलं. शेवटी काय लिहिलंय ते वाचून दाखवू का असं विचारलं, तर म्हणाले नको. तळाशी बारीक अक्षरात काय होतं ते मला दिसत होतं. चुकीची माहिती दिल्यास संपूर्ण आस्थापना योजनेतून बाद, असं होतं. मी ते वाचून दाखवायला हवं होतं. त्यांनी नको म्हटलं तरी. ही बोच माझी आहे आणि ती मी दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकणार नाही.

दोन महिन्यांनी नोटीस आली. सतराही नावं फेटाळलेली, कारण सतराही आधार क्रमांकांना जुनी खाती जोडलेली होती. प्रत्येक नावापुढे जोडणीची तारीख होती. काकांनी पट्टी लावली, खालून वर पाहत गेले. सगळीकडे एकच तारीख. त्यांनी आपली जुनी डायरी काढली, पानं उलटली आणि बोट ठेवून बसून राहिले.

"बर्वेबाई," ते म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी."

"काय दुसऱ्या दिवशी?"

"मी अर्ज दिले त्याच्या दुसऱ्याच दिवशी चढवलेत हो त्याने. सतराच्या सतरा. गरज नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं, तरी चढवलेत. एक आकडा चुकलेला नाही." आणि मला आजही शपथेवर सांगता येईल, त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "मी त्या माणसाला आठ वर्षं शिव्या घातल्या."

त्या अनोळखी कारकुनाने आपलं काम केलं होतं. खिडकीवर मान वर न करणारा तो माणूस काकांच्याच जातीचा निघाला, नोंद केल्याशिवाय झोप न येणारा. सगळ्या पुण्यात तसे दोघेच असतील, आणि ते एकमेकांच्या आड आले.

कारखाना योजनेतून बाद झाला. सतरा जणींना एकाच दिवशी हिशेब करून दिला. लताबाईंनी सही केली, कार्ड टेबलावर ठेवलं आणि काकांकडे न बघता गेल्या. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सतीशरावांनी काकांना बोलावलं. खोटी माहिती टाइमकीपरने परस्पर भरली असा खुलासा द्यायचा होता, त्यावर काकांची सही हवी होती. काकांनी तो खुलासा खालून वर वाचला. सहीपाशीच सुरुवात होती, तिथून वर. सही केली, वेळ घातली, चार वाजून दहा मिनिटं. आणि हजेरीपटात आपल्या नावापुढे लाल पेनाने रेघ ओढून घरी गेले. एकतीस वर्षांत ती पहिली लाल रेघ होती. साधा निरोपाचा चहासुद्धा झाला नाही. मी अर्धा कप घेऊन केबिनपर्यंत गेले होते, पण केबिन रिकामी होती.

मला तिथे राहवलं नाही. चार महिन्यांत खराडीला दुसरी नोकरी धरली. तिथे दारात माणूस नसतो, गळ्यातलं कार्ड टेकवलं की दार उघडतं. कोण आलं हे कुणी लिहीत नाही. ते लिहिलं जातं.

गेल्या महिन्यात जुन्या नोकरीच्या दाखल्यासाठी हडपसरला जावं लागलं. दाखला घेऊन बाहेर पडले, दुपारची चहाची सुट्टी झाली होती. भाऊने शेजारचा गाळाही घेतलाय. पाटी नवी, रंग नवा. त्याच्या जुन्या बायका पुढच्या दाराने बाहेर आल्या, गळ्यात ओळखपत्रं, कायम झालेल्या, फंडवाल्या. आणि मागच्या शटरखालून वाकून आणखी दहा-बारा बायका निघाल्या. त्यांच्या गळ्यात काही नव्हतं. त्या आमच्या होत्या. लताबाईंचं डोकं सगळ्यांत आधी बाहेर आलं.

टपरीच्या बाकावर खळदकर काका बसले होते. तोच बुशशर्ट, खिशाला तीच दोन पेनं. मांडीवर शाळेची दोनशे पानी वही, पट्टीने रेघा आखलेली. मी टपरीच्या आडोशालाच थांबले. ते शटरकडे बघून एकेक खूण करत होते. चहावाला मला हळूच म्हणाला, "रोज येतात. बायकांची हजेरी लिहितात. वेडे झालेत म्हणतात." काका वेडे झालेले नव्हते. उद्या कुणी विचारलं तर या बायका इथे होत्या हे सांगणारा एक तरी कागद असावा, एवढंच त्यांचं चाललं होतं.

लताबाई त्यांच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. थोड्या थकल्या होत्या.

"पोरगी बरी आहे ना?" काकांनी विचारलं.

"हाय. गोळ्या इकत आनतीया, एक दिवसाआड देती." मग त्यांनी वहीकडे पाहिलं. "काका, चा घ्या तुमी. पन माझं नाव लिवू नगा."

काका म्हणाले, "बाई, मी कुठे देणार नाहीये हे. नुसतं असू दे. तुम्ही इथे काम करता याचा..."

"ठावं हाय मला तुमी कशापायी लिवता," लताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. "तुमी लिवलं का माझं काम जातंय. एक डाव झालंय. भाऊनं वही बघितली तर उद्या शटरबी बंद व्हईल. मी न्हाईच हितं, असंच ऱ्हाऊ द्या, काका. पाया पडती."

आणि त्या खरंच वाकल्या.

काकांनी पाय मागे घेतले. खोडरबर कधी न वापरलेल्या त्या माणसाने वहीचं पान पट्टीखाली धरलं आणि काठाकाठाने फाडलं. मग आधीचं, मग त्याच्या आधीचं. नऊ की दहा पानं असतील. घडी घालून लताबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती कमरेला खोचली आणि चहा न घेता गेल्या. शटर खाली आलं.

मला पुढे व्हायचं होतं. पण मी आडोशालाच राहिले. काकांनी निळ्या पेनाचं टोपण लावलं, लाल पेनाचं टोपण लावलं. वही मांडीवर उघडीच होती. पुढच्या कोऱ्या पानाच्या तळाशी त्यांनी पट्टी ठेवली आणि एकेक ओळ वर सरकवत न्यायला लागले.